ज्यांच्याशी बोलता येत नाही

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो. पडद्यावर माणसे मारून मारून मुले खरोखरच हिंसक बनतात का? याची दोन उत्तरे तयार असतात. आई-वडील, शिक्षक आणि जुम्म्याच्या बयानात मौलवीसाहेब म्हणतात, बनतात, बंदी घाला. मुले म्हणतात, गेम हा गेम असतो. २०१९ च्या जानेवारीत पब्जीवर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात एका शाळकरी मुलाच्या वतीने जनहित याचिका दाखल झाली, तेव्हाही हीच दोन उत्तरे वर्तमानपत्रांतून फिरत राहिली. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली, ती मुलांच्या काळजीपोटी नव्हे, तर चीनशी बिघडलेल्या संबंधांच्या काळात देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. वर्षभरात थोड्याफार फरकाने तोच खेळ नवे नाव घेऊन परत आला. नैतिक प्रश्न होता तिथेच राहिला.

आम्हाला या दोन्ही उत्तरांत फारसा रस नाही. हाताला गोळी झाडायची सवय लागते की नाही हे मानसशास्त्रज्ञांनी पाहावे. आम्हाला त्याच्या आधीचे एक पाऊल महत्त्वाचे वाटते. पहिली गोळी सुटण्यापूर्वी खेळणाऱ्याने काहीतरी मान्य केलेले असते. समोर उभा आहे त्याच्यावर गोळी झाडायला हरकत नाही, हे ते मान्य करणे. ते कोण ठरवते, आणि ते आपल्याला इतके चटकन कसे पटते? या प्रश्नासाठी एका जुन्या, वादग्रस्त खेळाकडे पुन्हा वळावेसे वाटते. तो खेळ म्हणजे 'रेसिडेंट इव्हिल ५'.

कॅपकॉम या जपानी कंपनीची ही भयकथांची मालिका १९९६ पासून चालू आहे. पाचवा भाग मार्च २००९ मध्ये जगभर आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॉम्प्युटरवर खेळता येईल अशी आवृत्ती निघाली. आमच्या शिवडीत तो पोचला तो या दुसऱ्या वाटेने. घरी एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशन असणारी मुले इथे कितीशी? पण नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांत सायबर कॅफे होते. दहा बाय बाराची खोली, सात-आठ कॉम्प्युटर, बंद काचेवर काळी फिल्म, पंख्याचा आवाज आणि तासाचे पैसे. नाव इंटरनेटचे, धंदा गेमिंगचा. खेळाची डिस्क मनीष मार्केटातून किंवा लॅमिंग्टन रोडवरून येई; ती अस्सल असण्याचा प्रश्नच नव्हता. एक पोरगा खेळायचा आणि मागे पाच उभे राहून त्याला शिकवायचे. आम्ही त्या पाचांच्याही मागे उभे राहून पाहत असू, कारण मोहल्ल्यातली पोरे कुठे बसतात, काय पाहतात, हे जाणून घेणे आम्हाला आमचे काम वाटे.

कथा अशी. ख्रिस रेडफील्ड नावाचा धिप्पाड गोरा अमेरिकन सैनिक आफ्रिकेतल्या 'किजुजू' नावाच्या काल्पनिक गावात उतरतो. शेवा अलोमार ही आफ्रिकन सहकारी त्याच्या सोबत आहे. गावातल्या लोकांच्या शरीरात एक परजीवी किडा शिरला आहे आणि ते हिंस्र झाले आहेत. त्यांना मारत मारत पुढे जायचे. एवढेच. मालिकेचे जुने चाहते याच्यावर वेगळ्याच कारणाने नाराज होते. पहिल्या भागांतला अंधारा वाडा गेला, दारामागे काय असेल ही धडधड गेली, लख्ख उन्हात बंदुका चालू लागल्या. ही भयकथा उरली नाही, मारधाडीचा सिनेमा झाला, असे त्यांचे म्हणणे. ते खरेही आहे. तरी खेळ धडाक्याने विकला गेला आणि बरीच वर्षे मालिकेतला सर्वाधिक खपाचा भाग राहिला.

मोठा वाद मात्र भीती कमी पडली म्हणून झाला नव्हता. २००७ च्या उन्हाळ्यात पहिली जाहिरातफीत आली, तीत एक गोरा माणूस काळ्या माणसांच्या झुंडीवर गोळ्या झाडत होता. 'न्यूजवीक'चे पत्रकार न्गाय क्रोल यांनी पुढच्या वर्षी यावर स्पष्ट हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा की या चित्रांच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि ज्यांनी ती काढली त्यांना त्याची जाणीवच दिसत नाही. उत्तरेही आली. निर्माते म्हणाले, असा हेतू नव्हता. काहींनी दाखवून दिले की खेळातली खलनायक एक औषध कंपनी आहे, गावकरी तिचे बळी आहेत, म्हणजे कथा उलट वसाहतवादाच्या विरोधातच आहे. आणि सर्वांत जास्त वेळा दिले गेलेले उत्तर असे : २००५ च्या चौथ्या भागात स्पेनमधल्या खेडुतांना असेच मारले जात होते, तेव्हा कोणी का बोलले नाही?

हा शेवटचा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. 'तेव्हा कुठे होता?' हा आपल्या सार्वजनिक चर्चेचा आवडता प्रश्न. त्याला आमचे उत्तर साधे आहे. तेव्हाही बोलायला हवे होते. चौथ्या भागात त्या खेडुतांना जे नाव दिले होते, 'गानादो', त्याचा स्पॅनिशमधला अर्थ गुरेढोरे. आधी माणसाला गुरू म्हणायचे, मग त्याला कापायचे. ही रीत काही कॅपकॉमने शोधलेली नाही. पण एक फरक राहतोच. स्पॅनिश खेडुत पडद्यावर मेला म्हणून माद्रिदच्या विमानतळावर कोणा स्पॅनिश माणसाकडे दुसऱ्या दिवशी संशयाने पाहिले जात नाही. काळ्या माणसाकडे पाहिले जाते. चित्र एकच असले तरी ते कोणाच्या दारात जाऊन पडते यावर त्याचे वजन ठरते.

खेळाची सुरुवात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ख्रिस गावात शिरतो तेव्हा अजून कोणी हल्ला करत नाही. दुपारचे ऊन, पत्र्याची छपरे, भिंतीला टेकून बसलेली माणसे. एका कोपऱ्यात काही जण पोत्यात बांधलेल्या कशाला तरी लाथा-काठ्यांनी बडवत आहेत; आपण जवळ गेलो की ते थांबतात आणि नुसते बघत राहतात. मग खाटकाचे दुकान, लटकलेले मांस, माशा. इथे आमच्या कॅफेतली पोरे नेहमी हसत. एकाने पहिल्या दिवशीच म्हटले होते, 'अरे, ही तर आपलीच गल्ली आहे.' आणि खरोखर होती. तशीच पत्र्याची छपरे, तसेच मटणाचे दुकान, अनोळखी माणूस आत आला की तसेच थांबून पाहणारे डोळे. वर्षभरापूर्वीच, नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईवर हल्ला झाला होता आणि टोपी घातलेल्या पोराला लोकलच्या डब्यात बसायला जागा आपोआप मिळू लागली होती, कारण शेजारचा सरकून बसे. बाहेरून आमच्या गल्लीत शिरणाऱ्या कॅमेऱ्याची नजर पोरांना पाठ होती. तीच नजर त्या पडद्यावर होती. फरक एवढाच की इथे कॅमेरा त्यांच्या हातात होता, आणि कॅमेऱ्याच्या खाली बंदूक.

त्याच वसंतात, एप्रिल २००९ मध्ये, दुसऱ्या एका खेळाची घोषणा झाली : 'सिक्स डेज इन फालूजा'. इराकमधल्या फालूजा शहरात नोव्हेंबर २००४ मध्ये झालेल्या लढाईवर तो बेतलेला होता, आणि त्यातही भीतीचा अनुभव देण्याची भाषा होती. इतका गहजब झाला की कोनामी या प्रकाशक कंपनीने त्याच महिन्यात अंग काढून घेतले. अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनेने २०२१ मध्येही त्याला विरोध केला. अखेर २०२३ मध्ये तो अपूर्ण स्वरूपात बाजारात आला. फालूजात मेलेल्यांना नावे आहेत, कबरी आहेत, त्यांची आई-बापे जिवंत आहेत. म्हणून तिथे जगाला निदान संकोच वाटला. किजुजू नकाशात नाही, म्हणून तिथे संकोचाचे कारण उरले नाही. गावाचे नाव काल्पनिक केले की माणसेही काल्पनिक होतात, असा एक सोयीचा समज यामागे आहे. चेहरे मात्र काल्पनिक नसतात. ते कुठून तरी घेतलेले असतात.

आता नावाकडे येऊ. या गावकऱ्यांना खेळात 'माजिनी' म्हणतात, आणि स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ दुष्ट आत्मे असा सांगितला आहे. आमच्या कॅफेत कोणालाही हा शब्द खटकला नाही, आणि खरे तर सर्वांत आधी आम्हा मुसलमानांनाच तो खटकायला हवा. 'जिनी'चे अनेकवचन 'माजिनी', आणि जिनी म्हणजे आपला जिन्न. अरबीतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या शेकडो शब्दांपैकी हा एक. कोकणातली आमची कितीतरी कुटुंबे पोटासाठी मोंबासा आणि झांजिबारला गेली होती. त्या म्हाताऱ्यांना हा शब्द ऐकून परके वाटले नसते.

पण आपला जिन्न आणि हा माजिनी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुरआनात जिन्नांच्या नावाने एक पूर्ण सूरा आहे, बहात्तरावी. तीत जिन्नांचा एक गट कुरआनपठण ऐकतो, थक्क होतो आणि ईमान आणतो. त्यांच्यातही सज्जन आहेत आणि नसलेलेही आहेत, हे तिथे स्वतः जिन्नच सांगतात. मक्केत त्यांच्या नावाची मशीद आहे. अग्नीपासून घडलेला, डोळ्यांना न दिसणारा, ज्याची लहानपणी आपल्याला पिंपळाखाली भीती घातली गेली, तो जिन्नसुद्धा आपल्या श्रद्धेत ऐकणारा आणि उत्तर देणारा आहे. त्याच्याशी बोलता येते. त्याचाही हिशेब होणार आहे, म्हणजे त्यालाही निवड आहे. खेळातल्या माजिनीला यातले काही नाही. तो ओरडतो, त्याची भाषा खेळणाऱ्याला कळत नाही, आणि ती कळावी अशी सोयही केलेली नाही. परजीवी किड्याची कल्पना याच कामी येते. किडा शिरला, आता आतला माणूस संपला, आता बोलून उपयोग नाही. ही खेळाची मूळ अट. बाकी बंदुका, रक्त, किंचाळ्या हा सगळा तपशील.

बोलून उपयोग नाही, हे वाक्य आम्ही पडद्याबाहेरही पुष्कळ ऐकले आहे. दंगलीआधी दोन्हीकडच्या ओट्यांवर तेच बोलले जाते. 'त्या लोकांना' एकच भाषा कळते. 'ते' सगळे सारखेच. हमीद दलवाईंच्या १९६५ च्या 'इंधन' कादंबरीत कोकणातले एक गाव पेट घेते, तिथेही माणसे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असतात. तरीही शेजारी हळूहळू 'ते लोक' होत जातो. कुणाच्या अंगात किडा शिरावा लागत नाही.

काही मित्र म्हणतात, तुम्ही फार खोलात शिरता. भयकथेला राक्षस लागतोच; राक्षसाशी गप्पा मारत बसले तर कथा होणार कशी? हे आम्हाला मान्य आहे. भीतीचा आनंद हा निखळ आनंद आहे. थंडीच्या रात्री आजीने सांगितलेल्या भुताच्या गोष्टी आम्हीही मिटक्या मारत ऐकल्या. आणि निय्यतीचा मुद्दाही सोडून चालत नाही. आपल्याकडे कृतीचे मोल निय्यतीवर ठरते. आमच्या पोरांची निय्यत पुढच्या टप्प्यावर पोचण्याची होती, कुणाचा जीव घेण्याची नव्हती. म्हणून त्यांनी पाप केले असे आम्ही म्हणणार नाही, आणि मौलवीसाहेबांनी घाईने तसे म्हणू नये. परंतु निय्यत हातापुरती असते. डोळ्यांचे काय? कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांना जाब विचारला जाईल असे कुरआन सांगतो, त्यात डोळे वेगळे मोजले आहेत. डोळा काय शिकतो? लांबून, उन्हात, केवळ रंगावरून आणि कपड्यांवरून, हा माणूस धरायचा की नाही हे एका क्षणात ठरवायला. आजीच्या भुताला जात नव्हती, मोहल्ला नव्हता. ते भूत दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये आपल्या शेजारी येऊन बसत नव्हते.

आणि इथे आम्हाला आमच्याच माणसांना दोन शब्द ऐकवायचे आहेत. सिनेमातला अतिरेकी प्रत्येक वेळी दाढीवालाच का, म्हणून आपण लेख लिहितो, परिसंवाद घेतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या घरात सावळ्या मुलाला 'हबशी' म्हणून चिडवले जाते. सून पाहायला जाताना रंगाची चौकशी आधी होते. त्याच घरात मुलाचे नाव हौसेने बिलाल ठेवलेले असते. हजरत बिलाल हबशी होते. इस्लामची पहिली अजान त्यांच्या कंठातून उमटली. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पहिले मुसलमान आश्रयाला गेले ते हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे, आणि त्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. ऐकून घेतले, हे महत्त्वाचे. कुरैशांचे वकील त्यांना परत न्यायला आले होते. राजाने आधी मुसलमानांना बोलू दिले. आपल्या दख्खनच्या मातीत मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून आला आणि खडकी वसवून, जमीनमहसुलाची घडी बसवून १६२६ मध्ये इथेच मातीआड झाला.

शिवडीला तर या गोष्टीची वेगळीच आठवण आहे. खाडीकाठच्या टेकाडावर जो किल्ला आहे, जिथून पूर्वी फक्त फ्लेमिंगो दिसत आणि २०२४ पासून अटल सेतूही दिसतो, तो इंग्रजांनी १६८० च्या सुमारास उभारला तो मुख्यतः जंजिऱ्याच्या सिद्दींच्या भीतीने. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले, इथे रुजलेले मुसलमान. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाचे सैन्य याच चिखलाच्या किनाऱ्यावर उतरले, शिवडी पडली, मग माझगाव, माहीम. पुढच्या वर्षी औरंगजेबाकडे दीड लाख रुपये दंड भरून इंग्रजांनी सुटका करून घेतली. म्हणजे आमच्या या वस्तीचा सर्वांत जुना दगड काळ्या माणसाच्या भयाने रचलेला आहे. पण तो सिद्दी कोणाच्या तरी चाकरीत होता, त्याच्याशी तह होत होते, त्याला पैसे मोजून परत पाठवता येत होते. शत्रू होता, तरी त्याच्याशी बोलणी होत. सतराव्या शतकातल्या लुटालुटीच्या युद्धातही जी सोय होती, ती एकविसाव्या शतकातल्या खेळाने काढून टाकली.

असे म्हणताना त्या खेळावर अन्यायही होता कामा नये, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती बहुतेकांच्या नजरेतून सुटली. तिसऱ्या प्रकरणात, दलदलीच्या भागात, न्दिपाया नावाच्या जमातीचा पाडा लागतो. (गवताचे घागरे, मुखवटे, भाले. आफ्रिकेविषयी जुन्या इंग्रजी चित्रपटांतून जपानपर्यंत पोचलेले सगळे सामान इथे एकत्र केले आहे.) तिथे वाटेत एक रोजनिशी सापडते. गावातल्या एका तरुणाने लिहिलेली. जवळच्या तेलक्षेत्रातली माणसे येतात, रोगाची साथ आली आहे म्हणतात, सर्वांना लस टोचतात. मग बायका-मुले मरू लागतात आणि पुरुष पिसाळल्यासारखे होतात. लिहिणाऱ्यालाही आपल्यात काही बदलत असल्याचे जाणवते, आणि लिखाण तुटते.

ही निव्वळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. १९९६ मध्ये नायजेरियातल्या कानो या मुस्लिमबहुल शहरात मेंदूज्वराची साथ असताना फायझर कंपनीने सुमारे २०० मुलांवर एका नव्या औषधाची चाचणी घेतली. त्यांतली ११ मुले दगावली. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २००९ मध्ये, म्हणजे हा खेळ आला त्याच वर्षी, कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. त्या आठवणीचा एक परिणाम असा झाला की २००३ मध्ये कानोने पोलिओचा डोस नाकारला आणि पोलिओ पुन्हा पसरला. आपल्याकडच्या काही मोहल्ल्यांतही त्या काळात पोलिओच्या थेंबांविषयी अफवा होत्या, आणि त्या खोट्या होत्या. घरोघर जाऊन ते समजावून सांगण्यात आपल्यातल्या अनेकांच्या चपला झिजल्या. अफवा खोटी असते, पण तिच्यामागचा अविश्वास दर वेळी खोटा नसतो. आणि लस टोचून घेण्यास नकार देणारा माणूस अडाणी गर्दीतला एक चेहरा असतो की काहीतरी आठवत असलेला माणूस, हे त्याच्याशी बोलल्यावरच कळते.

खेळ करणाऱ्यांनी ती रोजनिशी लिहिली, म्हणजे त्यांना हे कुठेतरी ठाऊक होते. माजिनी बोलू शकत होते. त्यांच्यातल्या एकाला लिहितादेखील येत होते. पण ते त्यांनी अशा ठिकाणी ठेवले की वाचले नाही तरी काही बिघडत नाही. पान उघडते, बटण दाबले की मिटते. तासाचे पैसे भरून बसलेला कोण ते वाचणार? २०१६ मध्ये खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढला, तेव्हाही ती रोजनिशी होती तिथेच होती. चौथ्या भागाची संपूर्ण नवी घडण २०२३ मध्ये झाल्यापासून पाचव्याचीही करावी असे चाहते म्हणत असतात. केली तर त्या पानाचे काय करतात, एवढेच आम्ही पाहू.

आमच्या कॅफेत ते पान पूर्ण वाचताना आम्ही एकाच मुलाला पाहिले. तो मराठी माध्यमाचा. इंग्रजी त्याला अक्षर लावून लावून वाचावे लागे, आणि एकदा वाचायला घेतले की मध्ये सोडायची त्याला सवय नव्हती. मागची पोरे ओरडत होती, 'अबे स्किप कर, टाइम चाललाय.' त्याने ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचले. मग मान वळवून आम्हाला विचारले, 'चाचा, याचं नाव काय होतं?'

आम्ही वाकून पाहिले. नाव दिलेले नव्हते. 'गावातला तरुण' एवढेच होते.

'मग आता जे भाला घेऊन येतात त्यांच्यात तो पण असेल?'

असेल, आम्ही म्हणालो. त्याने पान मिटले, पाड्यात शिरला. पहिला माणूस धावत आला तेव्हा तो त्याच्या मुखवट्याकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात शेवा मारली गेली. पडदा लाल झाला, पहिल्यापासून सुरू करावे लागणार होते. मागचे पाचही जण त्याच्यावर तुटून पडले, आणि त्याचा तास संपायला अजून अठरा मिनिटे होती.